पावसात वाळणारा गणवेश: मुलांना विचारून, संगणकावर आखून, शिंप्याकडून शिवून

आठवीतल्या एका मुलीची डावी मूठ कायम मिटलेली असायची. प्रार्थनेला, रांगेत, माझ्या चित्रकलेच्या तासालाही. एकदा उघडायला लावली, तर आत घामाने मऊ पडलेली दहाची नोट आणि दोन नाणी. बालरथ (शाळेची बस) चुकला तर कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, घरी यायला आईने दिलेले पैसे. "दप्तरात ठेव की," मी म्हटलं. "टीचर, दप्तर वर्गात रवता. आनी स्कर्टाक बोल्सूच ना." खिसाच नाही स्कर्टला.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणवेश बदलायचं ठरलं, तेव्हा पहिल्या बैठकीत दीड तास खल झाला तो मरून की बॉटल ग्रीन यावर. खिशाचा विषय कोणी काढला नाही, कारण टेबलाभोवती स्कर्ट घालून बसलेलं कोणी नव्हतं. पुढची दोन वर्षं या कामात गेली. त्यात जे चुकलं आणि जे जमलं, ते क्रमाने लिहितो. तुमची शाळा पेडण्यात असो की काणकोणात, पाऊस सारखाच पडतो, त्यामुळे बरंचसं उपयोगी पडेल.

आधी कुंपण घाला

मुलांना विचारायला जाण्याआधी व्यवस्थापन, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघाने एका कागदावर लिहून काढायचं: कमाल खर्च किती, काय बदलणार नाही, आणि मुलांचा शब्द शेवटचा कशात. आमच्याकडे बोधचिन्ह आणि दोन जोडांचा एकूण खर्च हे पक्कं होतं. रंग, कॉलर, खिसे, खालच्या कपड्याचा प्रकार आणि खेळाचा टी-शर्ट हे मुलांचं. हा कागद वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. सगळं आधीच ठरलेलं असेल तर विचारूच नका. मुलांना नाटक लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ती फॉर्ममध्ये नुसती खिल्ली लिहितात.

"पोरांना काय विचारायचं?" असं म्हणणारे एक तरी काका प्रत्येक समितीत असतात. त्यांना सांगायला दोन गोष्टी हाताशी ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १२वं कलम मुलांना आपल्याबद्दलच्या निर्णयात मत मांडण्याचा हक्क देतं, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. शिवाय शिक्षण हक्क कायदा (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगतो. कपडे धुणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि उसवलं की टाके घालणाऱ्या बायका बैठकीत असल्या की चर्चेला आपोआप वळण लागतं. सरकारी शाळा असेल तर 'समग्र शिक्षा' या केंद्र सरकारच्या योजनेतून पात्र मुलामागे वर्षाला ६०० रुपयांपर्यंतची तरतूद हेच तुमचं कुंपण. त्यात दोन जोड बसवायचे म्हणजे ब्लेझर आणि टायची स्वप्नं पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावी लागतात. गोव्याच्या हवेत त्यांचं नाही तरी काय काम आहे, हा माझा आगाऊ शेरा.

वेळापत्रक उलटं मोजा. २०२५ पासून वरच्या इयत्तांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलंय, म्हणजे कपडे मार्चअखेर मुलांच्या हातात हवेत. नवं कापड मात्र जुलैच्या पावसात घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या पावसाळ्यात विचारणा आणि चाचण्या, दिवाळीपर्यंत निर्णय, जानेवारीत कापडाची मागणी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आणि डिसेंबरात नाताळ अन् लग्नं एकत्र आली की शिंप्याकडे जाऊच नका. तो हो म्हणेल, पण शिवून देणार नाही.

आवड नको, अडचण विचारा

आमचा पहिला गूगल फॉर्म फसला. 'तुम्हाला कोणता रंग आवडतो?' या प्रश्नाला काळा, काळा, काळा, आणि एकाने 'मेस्सीचा'. त्यातून काही निघत नव्हतं. दुसऱ्या फेरीत प्रश्न असे बदलले:

- आत्ताच्या गणवेशात काय टोचतं, काचतं, घसरतं?
- पावसात भिजल्यावर कुठला भाग सगळ्यात उशिरा वाळतो?
- गणवेश घातला म्हणून तुम्ही टाळता अशी एखादी गोष्ट आहे का? (सायकल, खेळ, खाली बसणं, फळ्यापर्यंत जाणं)
- घरी गेल्यावर गणवेश काढायला किती वेळ लावता? लगेच, जेवल्यावर, की खेळून आल्यावर?
- शाळेत असताना अंगावर काय बाळगायला जागा हवी?

चौथा प्रश्न माझा लाडका. ज्या कपड्यातून पोरं दारातच बाहेर पडू पाहतात, त्यात काहीतरी बिघडलेलं असतं. तिसऱ्यातून जे आलं ते वाचून काही वेळ गप्प बसलो. बऱ्याच मुलींनी लिहिलं होतं की महिन्याचे चार दिवस त्या फळ्याकडे जायचं टाळतात, कारण स्कर्ट फिका राखाडी. खालचा कपडा गडद असावा हा निर्णय तिथेच झाला. त्यावर मतदान घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा, नाव विचारू नका, फक्त इयत्ता. प्रश्न मराठीत, पण उत्तर कोकणीत आलं तरी चालेल असं वरच लिहा. घरची भाषा आली की उत्तरं लांब आणि खरी होतात. सगळ्यांकडे मोबाइल नसतो, म्हणून फॉर्म घरी पाठवू नका. संगणक खोलीत वर्ग न्या आणि तिथेच भरून घ्या. पाचवीखालच्या मुलांना फॉर्म देऊन उपयोग नाही. त्यांना जुना शर्ट फळ्यावर टांगून द्या आणि जिथे त्रास होतो तिथे लाल टिकली लावायला सांगा. आमच्या शर्टाची मागची कॉलर तासाभरात लाल झाली. आतलं लेबल टोचत होतं. दोन वर्षांत सोडवलेली सगळ्यात स्वस्त अडचण तीच: लेबल शिवणीत घ्या.

उत्तरं शीटमध्ये येतात, पण त्यांची वर्गवारी मुलांकडूनच करून घ्या. नववीच्या सहा जणांनी प्रत्येक उत्तरासमोर खिसा, उकाडा, ओल, माप, लाज असा एकेक शब्द लिहिला आणि मग मोजणी केली. 'लाज' हा रकाना त्यांनीच काढला. मला तो सुचला नसता.

आधी कापड, मग रंग

इथे घाई करू नका. गणवेश बिघडतो तो बहुतेकदा कापडात, आणि शाळा सगळ्यात कमी वेळ देतात तो कापडालाच.

फोंडा, म्हापसा, मडगावचे दुकानदार नमुन्याचे तुकडे देतात. बेळगावला जाणं होत असेल तर तिथून आणा. मोठी मागणी असेल तर तयार गणवेशासाठी सोलापूर आणि सुटिंगसाठी भिलवाडा ही नावं दुकानदारच सांगतील. प्रत्येक प्रकारचा एक मीटर विकत घ्या, फुकटच्या चार इंची चिंध्यांवर काही कळत नाही. त्यावर लिहून ठेवा: सुती, टेरिकॉट, पॉलिस्टर-व्हिस्कोस, काय असेल ते, आणि पन्हा (कापडाची रुंदी) किती. पन्ह्याकडे दुर्लक्ष झालं की हिशेब कोसळतो. ३६ इंची पन्ह्यात जो शर्ट दोन मीटर खातो, तो ५८ इंचीत सव्वा मीटरच्या आसपास बसतो. मीटरचा भाव स्वस्त म्हणून अरुंद कापड घेतलं की शर्ट महाग पडू शकतो.

पुढच्या चाचण्या विज्ञानाच्या तासात होतात, शिक्षक खूश असतात.

वजन: दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन नीट कापा, ग्रॅममधल्या वजनाला शंभराने गुणा, की चौरस मीटरचं वजन मिळालं. व्यवहारात त्याला जीएसएम म्हणतात. स्वयंपाकघरातला काटा इतक्या छोट्या तुकड्याला चालत नाही, आम्ही ओळखीच्या सोनाराकडे गेलो. शर्टाला ११० ते १३०, स्कर्ट-पँटला २०० च्या आसपास हे आपल्या हवेला पुरतं. त्याहून जाड कापड दुकानात भारदस्त वाटतं आणि मे महिन्यात शिव्या खातं.

वाळणं: अर्ध्या मीटरचे चौकोन कोरडे तोला, भिजवा, सगळे एकाच वॉशिंग मशीनमध्ये सारखे पिळा, पुन्हा तोला आणि व्हरांड्यात टांगा. पाऊस पडत असतानाच करा. दर तासाला वजन लिहून शीटमध्ये आलेख काढा. आमच्याकडे शुद्ध सुती तुकडा शाळा सुटेपर्यंत दमटच होता. कारण सरळ आहे: प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्के ओल धरून असतो आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४. पण म्हणून सगळं पॉलिस्टर घेतलं तर तोच गुण उलटतो. घाम कापडात शिरत नाही, अंगावर साचतो, आणि दुपारपर्यंत वर्गाला वास येतो. आम्ही शर्टाला सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण घेतलं आणि खाली पॉलिस्टर-व्हिस्कोस.

आटणं आणि रंग: ५० सेंटिमीटरचा चौकोन न पुसल्या जाणाऱ्या पेनाने आखा, पाच वेळा घरच्यासारखाच धुवा, पुन्हा मोजा. दीड सेंटिमीटर कमी भरला म्हणजे तीन टक्के आटला. शर्टाच्या उंचीत तो जवळजवळ इंचभर होतो. रंगासाठी ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा. रुमाल रंगला की दुकानदाराला तो रुमालच दाखवायचा, वाद होत नाही.

चिखल: ही चाचणी आपल्याकडचीच. आपली माती चिऱ्याची, तिच्यातला लोहाचा अंश कपड्यात शिरला की पांढऱ्याचा गुलाबी होतो. पालक मग ब्लीच ओततात, आणि क्लोरीनच्या ब्लीचने लोहाचा डाग जाण्याऐवजी पक्का बसतो. मैदानातली माती प्रत्येक तुकड्यावर चोळा, रात्रभर वाळू द्या, साध्या साबणाने धुवा. पांढरा शर्ट हवाच असं म्हणणाऱ्या दोन पालकांना आम्ही हा तुकडा दाखवला. त्यानंतर पांढरा शर्ट यादीतून गेला, आणि त्या दोघांनीच तो काढायला लावला.

पडद्यावरचा रंग कापडाचा नसतो

काही वर्षांपूर्वी खेळाचा टी-शर्ट आम्ही प्रोजेक्टरवर बघून ठरवला होता. भिंतीवर आभाळी दिसला, शिवून आले ते हिरवट फिरोजी. पुरवठादार म्हणे, आमच्या पडद्यावर असाच आहे. खोटं बोलत नव्हता. वीस मोबाइलवर एकच चित्र उघडा, वीस रंग दिसतील. त्यात कुणी डोळ्यांना आराम म्हणून पिवळा प्रकाश लावलेला असतो. चूक आमचीच: कापड नसताना रंग निवडला.

म्हणून उलटं करा. चाचणीत पास झालेल्या कापडांचेच तुकडे सकाळच्या उजेडात, पण सावलीत, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून मोबाइलने टिपा. पांढरा कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो सारखा करा. हेच तुकडे तुमची रंगपेटी. मुलं चित्रात रंग भरतील ते यातूनच, म्हणजे जे आवडेल ते दुकानात मिळेलच. तुकडे तासाला टेबलावरही ठेवा. खिडकीत आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे धरून बघायला लावा. काही मरून ट्यूबखाली थेट तपकिरी होतात.

आराखड्यासाठी इंकस्केप हा मोफत प्रोग्राम आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटला. मी एक सपाट आकृती काढून दिली: पुढून आणि मागून, चेहरा नसलेली, ना मुलगा ना मुलगी. प्रत्येक भाग वेगळ्या थरावर: तीन प्रकारच्या कॉलर, दोन प्रकारच्या बाह्या, खिसे, स्कर्ट, पँट, सलवार. मुलं थर उघडतात, मिटवतात, तुकड्याचा फोटो आत भरतात. एका संगणकावर तिघं: एक माउस धरतो, एक तुकडे दाखवतो, एक आक्षेप घेतो. तिसऱ्याची नेमणूक मुद्दाम करा. कॅनव्हा शाळेच्या शिक्षकांना पडताळणीनंतर मोफत मिळतं आणि मोबाइलवर चालतं, पण त्यात मुलं आकृतीपेक्षा पार्श्वभूमीच्या फुलांवरच जास्त रमतात. खडूने कागदावर काढणाऱ्यांना कमी लेखू नका. फोटो काढला की तोही डिजिटलच. आमच्या चार अंतिम नमुन्यांपैकी एक मेणखडूचा होता.

सातवीतल्या एका जोडीने कोडिंगच्या तासाला शिकलेल्या स्क्रॅचमध्ये बाहुली केली. कॉलरवर टिचकी मारली की कॉलर बदलते. स्क्रॅचमध्ये पात्राच्या रूपाला कॉस्च्युमच म्हणतात, तेव्हा कामाचं नाव आयतंच होतं. प्राथमिकच्या मुलांची मतं आम्ही त्या बाहुलीवरच घेतली.

एआयने काढलेली चित्रं मुलं आणतीलच. बघायला छान, शिवायला निरुपयोगी: एका बाजूला सात बटणं, दुसऱ्या बाजूला काजं पाच, शिवण मध्येच गायब. 'असं काहीतरी वाटायला हवं' एवढ्यापुरतं वापरा. मात्र मुलांचे स्वतःचे फोटो कुठल्याही कपडे घालून दाखवणाऱ्या ॲपवर चढवू देऊ नका, याबाबतीत आमच्याकडे सूट नव्हती. कापड बेतायचे फर्मे (पॅटर्न) काढणारे सीमली-टू-डी किंवा व्हॅलेन्टिना हे मोफत प्रोग्रामही आहेत. कटिंग येणारं माणूस शाळेत असेल तरच त्यात पडा. आमच्या शिंपी मास्तरांकडे पुठ्ठ्याचे फर्मे आहेत. त्यांनी माझ्या छापील फर्म्यावर सुपारी कातरली.

एका गटाने कुणबी साडीची लाल-पांढरी चौकड कॉलरच्या पट्टीला लावली. सुरेख दिसत होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी ही साडी पुन्हा प्रकाशात आणल्यापासून ती चौकड पर्यटकांच्या पिशव्यांवरही दिसते, म्हणून मी मुलांना एवढंच म्हटलं की आपल्याच वर्गात गावडा-कुणबी घरातली मुलं आहेत, त्यांच्या आज्यांना विचारून या. एका आजीचा निरोप आला: लावा, पण छापील नको, विणलेली हवी. विणलेली चौकड हातमागावरची घ्यायची तर आमच्या कुंपणाबाहेर जात होती. म्हणून रोजच्या गणवेशातून काढली आणि शाळेच्या लेझीम पथकाच्या फेट्याला ठेवली, विणलेलीच.

बिल्ला

थोडक्यात, पण इथे हमखास घोळ होतो. बोधचिन्ह बहुतेक शाळांकडे फोटोचा फोटो काढलेलं, कडा फुटलेलं असतं. इंकस्केपमध्ये ते एकदा रेषांनी पुन्हा आखून घ्या, पुढची वीस वर्षं पुरतं. भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर वाचता येत नाही, आणि देवनागरीत तर मात्रा आणि अनुस्वार धाग्यात बुडून जातात. 'विद्यालय'चं 'विदयालय' होतं ते तिथेच. म्हणून बिल्ल्यावर शाळेचं पूर्ण नाव कोंबू नका. चिन्ह आणि एक शब्द पुरे. 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) हे मोफत टंक (फॉन्ट) जाड, मोकळे आहेत, भरतकामाला चालतात. फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर वेलांट्या भलतीकडे उड्या मारतात. टाके स्वतः आखून पाहायची हौस असेल तर इंकस्केपलाच जोडायची इंक-स्टिच नावाची मोफत सोय आहे.

मतदान

समजा चार नमुने आहेत आणि शंभर मुलं. पहिल्याला ३०, बाकीच्यांना २८, २२, २०. पहिला 'जिंकला', आणि उरलेल्या ७० जणांना कदाचित तो डोळ्यांसमोरही नको असेल. निवडणुकीत हे चालवून घेतो, गणवेशात कशाला? प्रश्न असा ठेवा: 'यातले कुठले नमुने तुम्ही वर्षभर रोज घालाल? हवे तितके निवडा.' फॉर्ममध्ये चौकटींचा प्रकार निवडा आणि पर्यायांचा क्रम उलटसुलट करण्याची सोय चालू करा, नाहीतर वरच्या चित्राला फुकटची मतं जातात. खाली दुसरा प्रश्न: 'कुठला अजिबात नको आणि का?' नमुना कोणी काढला ते सांगायचं नाही. हजेरीपटावर खूण करून एकेकाला संगणकापाशी सोडा, लॉगिनची भानगड नको. निकाल त्याच दिवशी फलकावर, आकड्यांसकट. शिक्षकांनाही मत द्यावंसं वाटतं. त्यांना वेगळा फॉर्म द्या, आणि तो मोजणीत धरू नका.

खालच्या कपड्याचं मतदान आम्ही घेतलंच नाही. एकाच कापडाचे स्कर्ट, पँट आणि सलवार ठेवले, ज्याला जे हवं ते. केरळमध्ये बालुसेरीच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या मुलामुलींना सारखीच शर्ट-पँट केली. मुलींना हालचालीला मोकळीक मिळाली, आणि काही संघटनांनी लादल्याचा आरोपही केला. पर्याय ठेवला की हा वाद उद्भवतच नाही. आमच्या नववीच्या निम्म्याहून अधिक मुलींनी पँट घेतली, त्यांच्या धाकट्या बहिणींनी स्कर्ट. कारण विचारायला गेलो नाही.

दहा मुलं, तीन आठवडे

जिंकलेल्या नमुन्याचे दहा जोड शिवून घ्या. मॉडेल शोभतील अशी मुलं निवडू नका. गोलकीपर, वर्गातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात किडकिडा, सायकलने येणारी, बटणं लावायला त्रास होणारं मूल, आणि ज्याच्या घरी एकच दोरी आहे वाळत घालायला, असा एक. रोज चार ओळींचा फॉर्म: टोचलं का, भिजलं का, उसवलं का, कुणी काही म्हटलं का.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात गोलकीपरची काख उसवली, तिथे मास्तरांनी ठिगळासारखा चौकोनी तुकडा जोडून सैल केली. सलवारीची खालची टोकं डबक्यात भिजत होती, दीड इंच वर घेतली. पँटला कमरेत काजं असलेलं इलॅस्टिक, आतल्या बटणावर ओढून घट्ट करायचं. मूल वाढलं तरी वर्ष निघतं. बटणांचा त्रास असलेल्या मुलाच्या शर्टाला वरून खोटी बटणं, आतून वेल्क्रो. बाहेरून फरक कळत नाही, हे त्याला महत्त्वाचं होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बूट नकोत, पावसाळी सँडल चालतील, हेही गणवेशाच्या नियमातच लिहून घेतलं. दरवर्षी पहिल्या पावसाला सूचना काढण्याची वाट कोण बघणार?

मापं आणि तपशीलपत्रक

मापं हे नाजूक काम. मुलींची मापं बाईंनी, वेगळ्या खोलीत, एकेकीला बोलावून. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. शीटमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक, आणि ती दोघांनाच उघडता यावी. व्हॉट्सॲप गटावर मापांची यादी टाकणं हा गुन्हाच समजा. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, तेव्हा प्रवेशाच्या अर्जासोबत ती घेऊन ठेवा. छातीच्या मापाच्या रकान्यात १८ ते ४८ इंच याबाहेरचा आकडा चालणारच नाही अशी अट घाला. कोणीतरी सेंटिमीटरमध्ये ८२ लिहितंच. आणि मास्तरांना आधी विचारा की त्यांच्या भाषेत '३२ नंबर' म्हणजे अंगाची छाती की शिवलेल्या शर्टाची. आम्ही विचारलं नव्हतं. नमुन्याच्या दहा जोडांपैकी तीन परत गेले.

वाढीसाठी खालच्या दुमडीत दोन इंच, बाजूच्या शिवणीत अर्धा इंच जादा कापड सोडा. कापड कापण्याआधी भिजवून घ्या. सगळे तागे एकाच लॉटचे मागा, वेगळ्या लॉटचा तोच रंग रांगेत उभा राहिला की वेगळा दिसतो.

मग दोन पानांचं तपशीलपत्रक करा. पुढून-मागून आकृती, कापडाचं मिश्रण, वजन, पन्हा, बटणाचा आकार, प्रत्येक शिवणीचं अंतर, आणि कोपऱ्यात खऱ्या कापडाचा तुकडा स्टेपल केलेला. खिशाची ओळ आमच्या पत्रकात अशी आहे: 'उजव्या शिवणीत, तोंड पाच इंच, खोली सहा इंच, सगळ्या स्कर्ट, पँट आणि सलवारींना.' मास्तरांनी सलवारीच्या खिशाचे वरती वीस रुपये मागितले, दहावर तुटलं. हे पत्रक सूचनाफलकावर लावा. एकाच दुकानातून घ्या असं सांगू नका. ज्याला शिवता येतं ती आई घरी शिवेल, बचत गटाच्या बायका शिवतील, कुणी बाजारातून कापड आणेल.

जुना गणवेश दोन वर्षं चालू ठेवा. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला येतो, तो एका परिपत्रकाने कचऱ्यात काढायचा हक्क कुणालाच नाही. प्रार्थनेच्या रांगेत दोन रंग दिसतात, दिसू देत.

सगळ्या फाइली शाळेच्या खात्यावर ठेवा, शिक्षकाच्या स्वतःच्या नाही. माझी बदली झाली की माझा ड्राइव्हही माझ्याबरोबर जाईल. पडद्यावर रंग टिकत नाही, म्हणून कापडाचा वीतभर तुकडा तारीख, लॉट आणि दुकानाच्या बिलासह रजिस्टरात डकवा. मध्येच प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी एक तागा जादा घ्या आणि तो कार्यालयाच्या पत्र्याच्या कपाटात नको, तिथे पावसाळ्यात भुरी येते. आमचा संगणक खोलीत ठेवलाय. तिथे एसी चालतो.